चोवीस मार्चचा फळा

वाचनालयाच्या दाराशी एक फळा आहे.
रोज सकाळी साडेसातला मी त्यावर लिहितो,
वर तारीख, खाली तीन रकाने:
घटना. जन्म. मृत्यू.
बावीस वर्षं लिहितोय. पगार वाढला नाही,
अक्षर सुधारलं.

मजकूर माझा नव्हे. दिनविशेषांचं एक जाडं पुस्तक आहे.
एकोणीसच्या पुरात पाणी तिसऱ्या फळीपर्यंत आलं,
पुस्तक दुसऱ्या फळीवर होतं.
गच्चीवर आठवडाभर वाळवलं तरी
भिजल्या खारकेसारखं फुगलेलंच राहिलं
आणि चोवीस मार्च पंचवीस मार्चला असा चिकटला
की पट्टीनं सोडवायला गेलो
तर कुणाचा तरी जन्म माझ्या नखाला निघून आला.

तेवीसचं काही अडत नाही,
तो दिवस शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो.
पण चोवीस मार्चला जगात काय झालं
हे हरिपुरात कुणाला विचारायचं?

त्या वर्षी नुसती तारीख लिहिली.
आठ वाजता जिनपाल मगदूम पेपर वाचायला आले,
चष्मा पुसून फळ्याकडं बघत राहिले.
"आज जगात कायच झालं न्हाई व्हय?"
मी पुस्तक दाखवलं.
"मग आमचं लिही की. त्र्याहत्तर साल.
हळदीचं मोठं पेव उघडलं ते आजच्याच तारखेला.
आधी कंदील सोडायचा असतोय खाली,
विझला तर उतरायचं न्हाई.
आप्पू लोहारानं सोडला न्हाई. गाडी उभी होती, घाई होती."
मृत्यूच्या रकान्यात लिहिलं: आप्पू लोहार, पेवात.
खडू तुटला.

दहापर्यंत पायरीवर गर्दी.
दस्तगीर शिकलगार म्हणाले, माझी मेहरुन नावेत झाली,
नदीच्या बरोबर मधोमध;
ह्या काठचा तलाठी म्हणतो तिकडं जा,
त्या काठचा म्हणतो इकडं.
मी लिहिलं: मेहरुन शिकलगार, कृष्णा नदी.
ते बराच वेळ ते वाचत उभे होते,
सरकारी शिक्का बघावा तसे.
कुणी सांगितलं, बाजारगल्लीत पहिला विजेचा दिवा.
कुणी म्हणालं, सुताराच्या म्हशीला जुळं.
म्हैस जन्मात धरायची की घटनेत
यावर चहा दोनदा झाला. निकाल लागला नाही.

उन्हं चढल्यावर गौराक्का आली,
संगमावर नारळ विकणारी, टोपली डोक्यावरच.
"आमच्या ह्यांचंबी लिव्हा. आजचाच दिवस."
नाव तिनं घेतलं नाही; मगदूमांनी हळूच सांगितलं.
मी मृत्यूखाली 'ब' काढला, 'स' काढला.

"तिथं नगं," ती म्हणाली.
"मेल्यालं कुणी बघितलंय?
चपला घातल्या, मिरजेची गाडी धरतो म्हणाले."

मी दोन अक्षरं तळहातानं पुसली.
घटनेच्या रकान्यात आलो. काय लिहू, विचारलं.

"गेले, एवढंच लिव्हा.
आलेच तर फुडं लिव्हायला जागा ऱ्हाऊ द्या."

आता नवं पुस्तक आलंय, देणगीतलं.
चोवीस मार्चला त्यात एक तह आहे,
एका राजाचा जन्म, दोन शास्त्रज्ञांचे मृत्यू.
तेही लिहितो, बारीक अक्षरात, उरल्या जागेत.
पंचवीसचं काय, असं कुणी विचारलं नव्हतं;
पण दुसऱ्या दिवशी कुलूप काढायला आलो
तेव्हा पायरीवर चार माणसं आधीच बसली होती.

दरवर्षी चोवीसला गौराक्का येते.
वाचता येत नाही तिला.
आपली ओळ कोणती ते लांबीवरून ओळखते,
पुढची कोरी चार बोटं मोजते आणि जाते.

यंदा सातवीतल्या एका पोरीनं हटकलं,
"काका, 'बसगोंडा कोरे गेले' इथं
पूर्णविराम राहिलाय."

मी खडूचा हात चड्डीला पुसला.
डबीत अजून खडू होते.